बोटाखालचा पंखा

भिंगवाल्यांनी लॅपटॉप चालू ठेवूनच अर्धवट मिटला, कुशीवर उभा केला, त्याच्या तळाला मधलं बोट टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या दोघी बघत राहिल्या. यंत्र असं घोंघावत होतं, की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मान बाहेर काढून पाहिलं आणि हसून पुन्हा आत घेतली.

बोट इंचभर सरकलं. थांबलं. परत मागं आलं.

"यात दोन पंखे असतात," ते डोळे न उघडताच म्हणाले. "बिजागरीजवळचा बिघडलाय. दुसरा बिचारा त्याचंही काम करतोय, म्हणून तो बोंबलतोय. ओरडणारा चांगला आहे. गप्प आहे तो आजारी."

दोघींमधली थोरली पन्नाशीला टेकलेली होती. खांद्यावर लॅपटॉपची रिकामी पिशवी, केस घाईघाईत बांधलेले. तिनं सुस्कारा सोडला.

"आधीच्या दुकानात म्हणाले, मशीन म्हातारं झालंय, नवीन घ्या."

"म्हातारं सगळंच होतं," भिंगवाले म्हणाले. "तुम्हाला किती वाजता हवंय?"

"चार वाजता हिची तोंडी परीक्षा आहे. प्रबंधाची."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. भिंगवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग मागं वळून बायकोकडे. ती काउंटरच्या टोकाला बसून आलेल्या यंत्रांना चिठ्ठ्या चिकटवत होती: कुणाचं, कधी आणलं, काय दुखतं. तिनं मान डोलावली आणि दारातली पाटी उलटी केली. आज दुसरं काम घ्यायचं नाही, असा त्याचा अर्थ होता.

कपाळावर चढवलेलं भिंग ते जेवतानासुद्धा काढत नसत, म्हणून अख्ख्या गल्लीत त्यांचं नाव भिंगवाले पडलं होतं. बावीस वर्षं हे दुकान होतं. पहिली अठरा वर्षं त्यांची ख्याती कानांची होती. गिऱ्हाईक पायरी चढून येतं ना येतं, तोच त्याच्या हातातल्या यंत्राची घरघर ऐकून भिंगवाले सांगत, "पंख्यात धूळ", नाहीतर "हार्ड डिस्क गेली, आधी फोटो काढून घ्या". लोक गंमत म्हणून शेजारच्यांना घेऊन यायचे.

मग यंत्रं हळूहळू शांत होत गेली. निदान त्यांना तसं वाटलं. नवीन माल चांगला येतो, असं ते बायकोला म्हणालेही होते. एके दिवशी एक गिऱ्हाईक नुकताच दुरुस्त करून नेलेला लॅपटॉप परत घेऊन आलं. शिट्टीसारखा बारीक आवाज येतोय, डोकं उठलं, असं म्हणालं. भिंगवाल्यांनी कान लावला. काही नव्हतं. बायको मात्र लांबूनच म्हणाली होती, "अगंबाई, केवढा हा आवाज!" त्या दिवशी त्यांना कळलं, की यंत्रं शांत झालेली नाहीत.

ते कुणालाच सांगितलं नाही त्यांनी. त्यांनी बोटांना कामाला लावलं. घासणारा पंखा कसा थरथरतो, धुळीनं भरलेला कसा, हे एकेक करून शिकायला त्यांना वर्ष लागलं. आणि दुरुस्ती झाली, की सहज विचारल्यासारखं ते बायकोला विचारत, "कसं वाटतंय?" तिच्या हातात नेहमीच काहीतरी काम असायचं. ती नुसता पंजा हलवून 'छान' म्हणायची, किंवा दोन बोटं फिरवून 'अजून आहे' म्हणायची. बाई हातवारे करून बोलणारी मिळाली, हे आपलं नशीब, असं ते मनातल्या मनात म्हणत.

---

तळाचे अकरा स्क्रू त्यांनी ज्या क्रमानं काढले, त्याच क्रमानं चुंबकाच्या थाळीत मांडले. झाकण निघालं. पंख्याची हवा जिथून बाहेर पडते, तिथल्या तांब्याच्या पात्यांवर धुळीचा जाड थर बसला होता. चिमट्यानं त्यांनी तो एकसंध उचलला. करड्या कापडाचा तुकडा असावा तसा तो हातात आला.

"व्हॅक्यूम क्लीनर मारला होता मी," थोरली ओशाळून म्हणाली.

"तरीच एवढा घट्ट बसलाय. पण हेतू चांगला होता." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "मला एक सांगा. परीक्षा यांची, आणि लॅपटॉप तुमचा. हे कसं?"

"मी लेखनिक आहे. वर्गात जे जे बोललं जातं, ते बोललं जाता जाताच टाइप करते. ही पडद्यावर वाचते. हिला ऐकू येत नाही." तिनं शेजारच्या मुलीच्या दंडाला हलकेच स्पर्श केला. "सहा वर्षं आम्ही बरोबर आहोत. कॉलेजातल्या पहिल्या तासापासून."

मुलगी पंचविशीची होती. तिनं मान लववून नमस्कार केला. इतका वेळ ती भिंगवाल्यांच्या हातांकडे बघत होती.

"काल आम्ही सराव केला," लेखनिक सांगू लागली. "दहा मिनिटांत हा असा तापला, की मांडीवर ठेवता येईना. मग अक्षरं उशिरा उमटायला लागली. मी टाइप करतेय आणि पडदा कोरा. आठ-आठ सेकंद. शेवटी प्रश्नाच्या मधोमध बंदच पडला. वर हा आवाज! बाहेरून येणारे परीक्षक हळू बोलतात. पंखा असा घोंघावला तर मलाच ऐकू येणार नाही. मग मी काय लिहू?"

"दुसरं मशीन?"

"मला लिहायचा वेग येतो तो माझ्या संक्षेपांमुळे. दोन अक्षरं मारली की अख्खा शब्द उमटतो. असे बासष्ट हजार शब्द आहेत यात. सहा वर्षांत एकेक घातलेले. ते जुन्या सॉफ्टवेअरवर चालतात, नव्या मशीनवर ते घ्यायला आठवडा जाईल."

"प्रश्न कागदावर लिहून मागता आले नसते?"

हे उत्तर मुलीनं दिलं. तिचा आवाज सपाट होता, शब्द सुटे सुटे, पण स्वच्छ.

"ते म्हणाले होते, लिहून देतो. मी नको म्हणाले. बाकीच्यांना तोंडी विचारतात. मलाही तोंडी विचारा."

"आणि एखादा प्रश्न नाही कळला तर?"

"परत विचारायला लावीन."

"राग येतो लोकांना."

"येतो," मुलगी म्हणाली. "मग परत सांगतात."

भिंगवाले हसले. लेखनिक पिशवीत वाकून चार्जर शोधत होती, आणि शोधता शोधताच तिनं काहीतरी विचारलं. भिंगवाले उत्तर न देता तिच्याकडे बघत थांबले. ती मान वर करून पुन्हा विचारील, याची वाट बघत. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की मुलगी आता आपल्या हातांकडे बघत नाहीये. आपल्या डोळ्यांकडे बघतेय. त्यांनी कपाळावरचं भिंग झटकन खाली ओढलं आणि यंत्रावर वाकले.

---

प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती. ती त्यांनी खरवडली नाही. कापसाच्या बोळ्यानं, स्पिरिट लावून, लहान मुलाचं नाक पुसावं तशी पुसली, आणि नव्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवला. बिजागरीजवळच्या पंख्याला बोटानं ढकललं तर तो अर्धा वळसा फिरला आणि अडला. त्याचा आस एका बाजूनं झिजला होता. अगदी त्यांनी सांगितलं होतं तसा.

काउंटरच्या टोकाहून बायको टाचा उंचावून बघत होती. अडलेला पंखा दिसला, तशी ती परत खाली बसली आणि चिठ्ठ्यांवर वाकली. तिच्या चेहऱ्यावर एक बारीकसं हसू होतं, ते कुणाला दिसलं नाही.

असा पंखा मागवला तर तीन दिवस लागणार होते. भिंगवाल्यांनी मेलेल्या यंत्रांचा खण उपसला. चौथ्या लॅपटॉपात त्याच मापाचा पंखा निघाला. पण त्याचा प्लग वेगळा होता. चार तारा, केसापेक्षा जराशा जाड, आणि रंगांचा क्रम निराळा.

"बसेल?" लेखनिकनं विचारलं.

"बसवू. सासरी आलेल्या सुनेसारखं आहे. चार दिवस क्रम चुकेल, मग घर तिचंच."

"चार दिवस नाहीत हो आपल्याकडे."

"म्हणून तर आधीच समजावून सांगतोय तिला."

त्यांनी तारा कापल्या, एकेक सोलल्या, आणि डाग द्यायला बसले. मुलगी काउंटरच्या फटीतून आत आली आणि न विचारताच टेबलावरचा दिवा त्यांना हवा होता तिथं वळवून धरला. तापलेल्या कथिलाचा धूर सरळ वर जात होता.

"प्रबंध कशावर?" त्यांनी शेवटचा डाग दिल्यावर, तिच्याकडे तोंड करून विचारलं.

"पुलांवर. लोखंडी पुलांना बारीक भेगा पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत."

"मग कशा शोधता?"

"यंत्रं आहेत. पण यंत्र लावायच्या आधी मी हात ठेवते." तिनं दिव्याच्या दांड्यावर तळवा टेकवून दाखवला. "वरून गाडी गेली की कळतं. चांगला पूल एकसारखा थरथरतो. भेग असली की मध्येच अडखळतो. सर हसायचे. मग मी पाच वेळा बरोबर सांगितलं."

"मग?"

"मग हसायचे थांबले."

भिंगवाल्यांनी सोल्डरिंगची सळई स्टँडवर ठेवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. कारागीर दुसऱ्या कारागिराकडे पाहतो तसं. त्यांनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला, पंख्याला बॅटरी जोडली आणि खूण केली. तिनं पंख्याच्या कडेला बोट ठेवलं.

"एकसारखा," ती म्हणाली.

त्यांनीही बोट ठेवून पाहिलं. मग मागं वळून बायकोला विचारलं, "कसं वाटतंय?"

बायकोनं पंजा हलवला. छान.

---

सव्वाला झाकण बसलं. लॅपटॉप सुरू झाला आणि दहा मिनिटं शहाण्यासारखा वागला. लेखनिकनं आनंदानं टाइप करायला घेतलं मात्र, तापमानाचा आकडा चढायला लागला. सत्तर. एकोणऐंशी. अठ्ठ्याऐंशी. बायकोची दोन बोटं हवेत फिरू लागली. दोन्ही पंखे आता जोरात पळत होते.

"अरे देवा," लेखनिक म्हणाली, आणि तिनं हात मांडीवर घेतले.

आकडा उतरला.

"परत टाइप करा," भिंगवाले म्हणाले.

चढला.

"थांबा."

उतरला.

ते भिंग वर करून खुर्चीत मागं टेकले. "म्हणजे पंखा बरा झाला. ताप दुसरीकडून येतोय. तुम्ही बोट उचललं की उतरतो, ठेवलं की चढतो. टाइप केल्यानं कुठलंही मशीन एवढं तापत नाही. तुमच्याबरोबर आणखी कुणीतरी काम करतंय आत."

त्यांनी चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी उघडली आणि लेखनिकला टाइप करायला लावून यादीवर नजर ठेवली. दर शब्दाबरोबर एकच ओळ उसळी मारून वर येत होती. व्हायरसपासून राखण करणारा प्रोग्रॅम.

"सापडला," ते म्हणाले. "तुम्ही एक शब्द लिहिता. तुमचं सॉफ्टवेअर ते बासष्ट हजार शब्दांचं बाड लगेच सेव्ह करतं. आणि हा पहारेकरी लगेच बाड उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासतो. पुढचा शब्द लिहिलात, की परत पहिल्यापासून. मालकीणबाई घरात शिरताहेत आणि हा दर वेळी त्यांची झडती घेतोय."

"सहा वर्षं?"

"आधी बाड लहान होतं, तेव्हा जाणवलं नसेल. तुमच्या मेहनतीनंच मोठं झालंय ते. दुखणं म्हणायचं तर असं आहे."

त्यांनी पहारेकऱ्याला समजावलं. म्हणजे तो एकच फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळला. पाच मिनिटांचं काम होतं. ते सापडायला बावीस वर्षं लागली होती, असं लेखनिक नंतर कुणालातरी सांगणार होती.

"आता खरी टेस्ट," भिंगवाले म्हणाले. "अर्धा तास. परीक्षेत लिहाल तसंच लिहा, खोलीत जे बोललं जाईल ते सगळं. आम्ही बोलतो."

लेखनिक ताठ बसली. तिनं बोटं कळांवर ठेवली, आणि तिच्यात काहीतरी बदललं. चेहरा कोरा झाला. पडदा तिनं नेहमीसारखा मुलीकडे वळवला. भिंगवाले आकडा बघायला मुलीशेजारी स्टुलावर येऊन बसले.

"मी काय बोलू?" त्यांनी विचारलं, आणि विचारून होईतो ते शब्द पडद्यावर उमटले. मी काय बोलू?

ते थक्क झाले. त्यांनी पंख्याविषयी सांगितलं, धुळीविषयी, मेलेल्या यंत्रांच्या खणाविषयी. ते जरा वेगानं बोलले, जरा पुटपुटले. झेरॉक्सवाला सुट्टे मागायला आला, त्याचंही बोलणं उमटलं, आणि त्याला मिळालेलं 'नाहीत' तेही. एक अक्षर मागं राहिलं नाही. लेखनिकची बोटं दिसत नव्हती, नुसती हलल्याची जाणीव होत होती. भिंगवाल्यांनी आयुष्यात पुष्कळ हात पाहिले होते. असे पाहिले नव्हते.

मग पडद्यावर एक वेगळी ओळ आली.

[शेजारी यंत्र किंचाळतं]

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे चावीवाला होता. तो चाव्या घासतो, त्याचं यंत्र किंचाळतं, त्यावरून आपण एकदा त्याच्याशी भांडलोही होतो. ते यंत्र त्यानं केव्हाच बदललं असावं, असं ते धरून चालले होते.

आकडा एकसष्ट होता. हलत नव्हता.

पाठीमागं, फळीच्या आडोशाला, बायकोचा फोन वाजला असणार. कारण पडद्यावर तिचं बोलणं येऊ लागलं.

नाही रे दादा. दुकान बंद नाही करायचं.

तिचा भाऊ. दर आठवड्याला तेच सांगायचा: दुकान बंद करा, इकडे या, माझ्या गोदामात बसायचं काम आहे.

ऐकू येत नाही ह्यांना, ते मला माहीत नाही का? चार वर्षं झाली.

लेखनिकची बोटं थांबली. कोऱ्या चेहऱ्यामागून ती परत आली, काय लिहिलं ते तिला कळलं, आणि तिनं घाबरून भिंगवाल्यांकडे पाहिलं. पडद्यावरचा तो उभा दांडा मिचमिचत राहिला.

भिंगवाल्यांनी नजर हलवली नाही.

"थांबू नका," ते हळूच म्हणाले. "टेस्ट चालू आहे."

बोटं पुन्हा चालू लागली.

थांबू नका. टेस्ट चालू आहे.
ह्यांना वाटतं मला कळलेलंच नाही. वाटू दे. मी हात हलवून बोलते, ह्यांना वाटतं मला खोडच आहे.
सांगून काय करू? आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस. त्याला कसं सांगायचं?
आणि आज बघायला हवं होतंस तू. एका बाईंचं मशीन असं बोंबलत होतं, मी कान देऊन ऐकत होते, मला ओ की ठो कळलं नाही. ह्यांनी एक बोट टेकवलं आणि म्हणाले, ओरडतोय तो चांगला, गप्प आहे तो आजारी. उघडलं तर तस्संच.
असा माणूस तुझ्या गोदामात बसवू?
मग मी दिवसभर कुणाकडे बघू रे?
[हसते]

भिंगवाले वाचत होते. मुलगीही वाचत होती, तिला ते वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. फक्त आपलं स्टूल जरा बाजूला घेतलं, पडदा त्यांना पुरता दिसावा म्हणून.

बरं, ठेवते. टेस्ट चाललीय त्यांची.

बायको आडोशामागून बाहेर आली तेव्हा तिघंही पडद्याकडे बघत होते.

"किती?" तिनं विचारलं, आणि विचारताना पंजा उपडा करून वर-खाली केला.

"साठ," भिंगवाले म्हणाले. त्यांनी खाकरून पुन्हा सांगितलं. "साठ. घेऊन जा. चारला काय, आठपर्यंत चालेल."

लेखनिकनं पडदा मिटण्याआधी ते सगळं पान पुसून टाकलं. आभार कसे मानावेत ते तिला सुचेना, म्हणून तिनं नुसता त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मुलगी दारापर्यंत गेली आणि वळली.

"येते," ती म्हणाली.

"अडखळू नका," भिंगवाले म्हणाले.

"पूल नाही मी," ती म्हणाली, आणि दोघी घाईनं पायऱ्या उतरल्या.

---

दुपार कलली. भिंगवाल्यांनी एक कीबोर्ड उघडला आणि काही न करता परत बंद केला. चुंबकाची थाळी पुसली. बायको त्यांच्याकडे अधूनमधून बघत होती. यांचं पोरीच्या परीक्षेत मन अडकलंय, असं तिला वाटत होतं, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं.

पावणेसहाला लेखनिकचा फोन आला. तिनं घेतला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उजळत गेला. "अगं बाई! खरंच? हो, हो, सांगते त्यांना," असं म्हणून तिनं फोन ठेवला, आणि वळताना तिचा अंगठा सवयीनं वर आला.

"थांब," भिंगवाले म्हणाले.

अंगठा हवेत राहिला.

"हातांनी नको सांगूस. तोंडानं सांग. नाही कळलं तर परत विचारीन."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं हात खाली घेतला, तो कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा पदराला पुसला, आणि सावकाश काउंटरला वळसा घालून आत आली.

"कधी कळलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"आज. टेस्टच्या वेळी. ती बाई सगळंच लिहिते."

तिनं क्षणभर डोळे मिटले. "दादाशी बोलले ते?"

"तेही."

"सगळं?"

"हसलीस तेसुद्धा."

मुलगी ज्या स्टुलावर बसली होती ते बायकोनं पायानं ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"खरं सांगा. माझं किती ऐकू येतं?"

भिंगवाल्यांनी विचार केला. कपाळावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"निम्मं."

"आणि उरलेलं?"

"उरलेलं मी माझ्या मनानं लावतो."

"म्हणजे चार वर्षं मी जे बोलतेय, त्यातलं निम्मं तुमच्या मनचं आहे?"

"ते बरं असतं," ते म्हणाले. "तू फार गोड बोलतेस त्यात."

तिला हसू आलं, आणि हसता हसताच तिनं पदरानं डोळे टिपले. बाहेर झेरॉक्सवाला शटर ओढत होता.

"बरं," ती म्हणाली. "आता खरं ऐका. तिथं तीन परीक्षक होते. बाहेरून आलेले ते सगळ्यात हळू बोलायचे."

"काय बोलायचे?"

"हळू. हळू बोलायचे."

"हां. पुढं?"

ती जरा पुढं सरकली, चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आणला, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.